उतरत्या शब्दांची वही

आठवीत असताना, १९८१ सालच्या पावसाळ्यात, इंग्रजीच्या तासाला आमच्या वर्गात एक ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्याचे दोरीला टांगलेले वजन, आले. तो ओळंबा माझ्या घरचा होता. माझे वडील गवंडीकाम करीत; थापी, गुण्या, पाणसळ आणि ओळंबा ही त्यांची हत्यारे पडवीतल्या खुंटीवर टांगलेली असत आणि त्यांना हात लावण्याची आम्हां भावंडांना परवानगी नसे. आदल्या दिवशी सरांनी विचारले होते की, कोणाच्या घरी ओळंबा आहे काय. गवंड्याच्या मुलीने वर्गात निःसंकोच हात वर करावा, असा तो माझ्या शाळकरी आयुष्यातील पहिलाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सर माडीवरच्या आपल्या वर्गाच्या खिडकीशी उभे राहिले. दोरीचे टोक त्यांनी बोटाला गुंडाळले आणि ते पितळी वजन हळूहळू सोडत सोडत थेट अंगणातल्या फरशीपर्यंत नेले. आम्ही सारे खिडकीशी दाटीवाटीने उभे होतो. ‘काय झाले?’ सरांनी विचारले. ‘ओळंबा खाली गेला, सर,’ आम्ही एका सुरात म्हणालो. ‘गेला, की सोडला?’ या प्रश्नावर वर्ग गप्प झाला. मग सरांनी हातातला खडू सोडून दिला. तो जमिनीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. त्यानंतर त्यांनी भिंतीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले, जिथे पावसाने फुगलेल्या गिलाव्याचा पोपडा आदल्या रात्री गळून पडला होता. फळ्यावर त्यांनी तीन शब्द लिहिले: लोअर, ड्रॉप आणि फॉल. ओळंब्याची दोरी शेवटपर्यंत हातात होती, म्हणून तो ‘लोअर’ झाला. खडू हातातून सुटला, म्हणून तो ‘ड्रॉप’ झाला. आणि पोपड्याच्या पडण्यात कोणाचा हातच नव्हता, म्हणून ते ‘फॉल’. तिन्ही वस्तू खालीच गेल्या होत्या, पण हात कुठे होता यावर इंग्रजी शब्द बदलला होता.

त्याच दिवशी सरांनी आम्हांला शंभर पानांची वेगळी वही घालायला सांगितली. डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर इंग्रजी अशी तिची मांडणी होती, आणि नियम एकच होता: आधी मराठी शब्द घरून आणायचा, मग त्याच्यासाठी इंग्रजी शब्द शोधायचा. त्या काळी मराठी माध्यमात इंग्रजीची सुरुवात पाचवीपासून होत असे, त्यामुळे आठवीपर्यंत आमच्याजवळ इंग्रजी शब्दांची शिदोरी तुटपुंजीच होती. मात्र मराठी शब्दांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत, हे आम्हांला त्या वहीमुळेच कळले. खाडीकाठच्या घरांतील मुलांनी ‘ओहोटी लागणे’ आणले. दुकानदारांच्या मुलांनी भाव उतरणे, भाव घसरणे आणि भाव कोसळणे हे तीन वेगवेगळे प्रसंग असल्याचे सांगितले. बागायतदारांच्या घरांतून मोहोर झडणे आणि फळ गळणे आले. मी वडिलांना विचारून ‘भिंत ढासळणे’, ‘जोते खचणे’ आणि ‘भराव बसणे’ हे शब्द नेले, आणि वडिलांनी रात्री जेवताना या तिन्हींतला फरक मला भाताच्या ढिगावर दाखवला होता, तो मी आजही विसरलेले नाही.

आठवडाभरात फळा भरला. दरड कोसळते, भिंत ढासळते, जमीन खचते, पूर ओसरतो, पान गळते, मोहोर झडतो, अश्रू ओघळतात, ओले केस निथळतात, चिखलात पाय रुततो, होडी बुडते, सूर्य मावळतो. यातील एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पूर कोसळत नाही आणि दरड ओसरत नाही. सरांचे निरीक्षण असे होते की, मराठी बहुधा काय खाली येते आहे हे पाहून क्रियापद निवडते, तर इंग्रजी अनेकदा ते कसे आणि किती वेगाने खाली येते आहे हे पाहते. म्हणून इंग्रजीत दगडही ‘प्लमेट’ होऊ शकतो, पाराही आणि बाजारभावही, कारण सरळ रेषेत वेगाने कोसळणे एवढेच त्या शब्दाला हवे असते. पुराचे पाणी, ताप, वादळ आणि राग हे सारे ‘सबसाइड’ होतात, कारण चढलेली गोष्ट सावकाश आपल्या जागी बसणे हा त्या शब्दाचा गाभा आहे. खचणाऱ्या जमिनीलाही तोच शब्द चालतो. पुढे वाचन वाढल्यावर या नियमाला दोन्ही भाषांत अपवाद पुष्कळ सापडले, तरीही शब्द निवडताना मी आजही प्रथम हेच दोन प्रश्न स्वतःला विचारते.

ओळंबा आणण्याचे खरे कारण ‘प्लमेट’ याच शब्दात दडलेले होते. लॅटिन भाषेत शिशाला ‘प्लुंबुम’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या तासाला शिशाची संज्ञा ‘पीबी’ का, हे कोडे आम्हांला पडले होते, ते इंग्रजीच्या तासाला सुटले. पूर्वी ओळंब्याचे वजन शिशाचे असे, म्हणून ओळंब्याला ‘प्लम’ आणि ‘प्लमेट’ अशी नावे मिळाली. त्याच शिशापासून पाण्यात सूर मारण्याचा ‘प्लंज’ आला आणि शिशाचे नळ जोडणारा ‘प्लंबर’ही आला. माझ्या वडिलांच्या खुंटीवरची वस्तू एका परक्या भाषेतील शब्दकुळाच्या मुळाशी उभी आहे, हे मी त्या संध्याकाळी घरी सांगितले, तेव्हा वडिलांनी ओळंबा हातात घेऊन बराच वेळ निरखला आणि तो पुन्हा खुंटीवर ठेवताना त्याची दोरी नवी घालायला हवी, एवढेच ते म्हणाले.

‘डाउन’ या शब्दाची गोष्ट तर मला आजही आपल्या मुलखाची वाटते. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी; टेकडीवरून उतरणे या अर्थाच्या दोन शब्दांचा संक्षेप होत होत ‘डाउन’ हा शब्द तयार झाला. दक्षिण इंग्लंडमधील खडूच्या टेकड्यांच्या रांगांना अजूनही ‘डाउन्स’ म्हणतात, म्हणजे एकाच शब्दात चढही आहे आणि उतारही. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हां मुलांना हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जाणारी एस.टी. परतताना तोच घाट उतरते. ‘डिसेंड’ आणि ‘असेंड’ या दोन्ही शब्दांच्या पोटात लॅटिनमधील चढण्याचेच क्रियापद आहे, हेही सरांनी तेव्हाच सांगितले.

एस.टी.वरून निघालेला विषय ‘उतरणे’ या क्रियापदावर गेला आणि तिथे दोन तास रेंगाळला. बसमधून उतरताना आपल्या देशात सर्रास ‘गेट डाउन’ म्हणतात आणि ते सर्वांना समजतेही. पण इंग्लंडमधला माणूस बसमधून किंवा आगगाडीतून ‘गेट ऑफ’ होतो, मोटारीतून ‘गेट आउट’ होतो, आणि स्थानकावरच्या पाटीवर त्याच्यासाठी ‘अलाइट’ लिहिलेले असते. ताप उतरला की तो ‘कम डाउन’ होतो. चेहरा उतरला की तो इंग्रजीतही ‘फॉल’ होतो, आणि दोन दूरच्या भाषांना माणसाची निराशा चेहऱ्यावर एकाच दिशेने दिसावी, याचे मला त्या वयातही नवल वाटले होते.

माझ्या स्वतःच्या एका वाक्याने वहीची चार पाने भरली. निबंधात मी ‘माझ्या मनात एक प्रश्न पडला’ याचे इंग्रजी करताना प्रश्नाला ‘फेल’, म्हणजे ‘फॉल’चे भूतकाळी रूप, लावले होते. सरांनी ते वाक्य लाल शाईने खोडले नाही. त्यांनी ते फळ्यावर लिहिले आणि विचारले की, प्रश्न मराठीत पडतो, मग इंग्रजीत त्याचे काय होते? इंग्रजीत प्रश्न ‘अराइज’ होतो, म्हणजे उगवतो, उठतो, वर येतो. मराठी माणसाला प्रश्न वरून पडतो, स्वप्न पडते, विसर पडतो, कोडे पडते. जणू या गोष्टी बाहेरून येऊन आपल्यावर कोसळतात. इंग्रजीत तोच प्रश्न खालून वर येतो. पुढे आम्ही ‘पडणे’ची सगळी रूपे जमवली. आजारी पडणे, मागे पडणे, कमी पडणे आणि बळी पडणे या चारही ठिकाणी इंग्रजीला ‘फॉल’ चालतो. अंधार पडतो तशी इंग्रजीत रात्रही ‘फॉल’ होते. पण आपल्याकडे ऊनही पडते, थंडीही पडते, नावही पडते, आणि तिथे इंग्रजीची साथ सुटते. ‘प्रेमात पडणे’ मात्र आपण इंग्रजीकडून घेतले असावे, असे सरांचे मत होते आणि मला ते पटते.

व्याकरणातील एक सूत्र त्यांनी असे सांगितले की, ते पाठ करावेच लागले नाही. मराठीत पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, चरणे आणि चारणे अशा जोड्या आहेत. एकात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवते. इंग्रजीतही ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे पाडणे, विशेषतः झाड तोडून पाडणे. ‘फॉल’चा भूतकाळही ‘फेल’ असाच होत असल्याने मुले गोंधळतात, पण पडला आणि पाडला हा भेद ज्याला मातृभाषेतून ठाऊक आहे, त्याने तिथे अडखळण्याचे कारण नाही. ‘लाय’ आणि ‘ले’, ‘सिट’ आणि ‘सेट’ याही अशाच जोड्या. व्याकरणातील विभक्तीला इंग्रजीत ‘केस’ म्हणतात, तो शब्दही लॅटिनमधील पडण्याच्या क्रियापदावरूनच आलेला आहे, हे मला खूप नंतर कळले आणि ते सरांना सांगायला मी मुद्दाम गावी आले होते.

मराठी आणि इंग्रजी यांच्यात देवघेव दोन्ही बाजूंनी असते, हे दाखवण्यासाठी सरांनी ‘अवतार’ शब्द घेतला. संस्कृतातील ‘अव’ हा उपसर्ग खालची दिशा दाखवतो: अवनती, अवरोह, अवमूल्यन, अवतरण. अवतार म्हणजे मुळात खाली उतरणे. हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेला आणि तिथेच रुळला. सरांनी त्याच्याशेजारी ‘डिग्रेड’, ‘डिमोट’ आणि ‘डिप्रेस’ हे शब्द लिहिले आणि दाखवले की, ‘अव’ आणि ‘डी’ हे दोन्ही उपसर्ग बहुतेक वेळा मान, दर्जा किंवा किंमत खाली नेतात, पण ‘अवतार’ मात्र आदराचा शब्द आहे. देव खाली येतो, तेव्हा त्याचे मोल कमी होत नाही.

याच ओघात त्यांनी ६ जून १९६६ चा दिवस सांगितला, ज्या दिवशी सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले आणि ४.७६ रुपयांना मिळणारा डॉलर ७.५० रुपयांचा झाला. हे ‘डिव्हॅल्यू’ होणे होते, कारण दोरी सरकारच्या हातात होती. बाजारात रुपया आपोआप घसरतो, तेव्हा त्याला ‘डिप्रिशिएट’ म्हणतात. पुन्हा तोच ओळंबा आणि तोच पोपडा. आकाशवाणीवर कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी लागली की खाडीवरच्या घरांत काळजी पसरे. त्या हवामानालाही इंग्रजीत ‘डिप्रेशन’ म्हणतात, १९२९ नंतरच्या जागतिक मंदीलाही, जमिनीवरच्या खोलगट भागालाही आणि मनाच्या खिन्नतेलाही. हवामान खात्याच्या भाषेत वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असला की ते डिप्रेशन, ५० ते ६१ असला की तीव्र डिप्रेशन आणि ६२ पासून पुढे चक्रीवादळ, हे आकडे मी पुढे कामाच्या निमित्ताने शिकले. पण शब्द मात्र माझ्या वहीत आधीच होता.

वहीतील ‘लोअर’ या शब्दाला शाळेच्या अंगणात एक प्रत्यक्ष अनुभव जोडला गेला. नववीत असताना १५ ऑगस्टच्या संध्याकाळी ध्वज उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. सकाळी ध्वज चढवताना गर्दी असते, बँड असतो, खाऊ असतो. संध्याकाळी मात्र आम्ही पाचसहाजण, सर आणि शिपाईमामा एवढेच होतो, आणि पाऊस नुकताच थांबला होता. भिजलेली दोरी जड झाली होती आणि मी ती भराभर ओढू लागले. सरांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि सांगितले की, ध्वज झपाट्याने चढवायचा असतो, पण उतरवताना तो संथपणे आणि सन्मानाने खाली आणायचा असतो. पुढे ध्वजसंहिता वाचली, तेव्हा हाच नियम तिथे लिहिलेला सापडला. ध्वज अर्ध्यावर आणायचा असेल तेव्हा तो आधी क्षणभर टोकापर्यंत चढवून मगच खाली घेतात, आणि सूर्यास्ताला उतरवण्यापूर्वीही तो पुन्हा एकदा टोकापर्यंत नेतात, हेही सरांनी त्याच संध्याकाळी समजावले. ध्वज माझ्या हातांत आला तेव्हा तो गार आणि ओलसर होता. जमिनीला त्याचा स्पर्श होऊ नये म्हणून आम्ही चौघींनी तो झेलला होता.

दहावीनंतर मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि पुलांच्या कामावर गेले. तिथे मला जाणवले की, माझ्या व्यवसायाची निम्मी भाषा खाली जाण्याचीच आहे. पाया किती खचेल याचा हिशोब ‘सेटलमेंट’ या नावाने करतात. ताज्या काँक्रीटची चाचणी ‘स्लम्प’ या नावाने होते: तीनशे मिलिमीटर उंचीच्या, खाली दोनशे आणि वर शंभर मिलिमीटर व्यासाच्या शंकूत काँक्रीट थरांनी ठासून भरायचे, शंकू सरळ वर उचलून घ्यायचा आणि आतले काँक्रीट किती खाली बसले ते मोजायचे. वर्तमानपत्रात बाजाराच्या पडझडीलाही ‘स्लम्प’ म्हणतात. दोन्हींत आधार निघताच अंगभर खाली बसणे हाच भाव आहे. वडिलांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, ‘म्हणजे भराव बसतो तसेच ना?’

कामावरचा पहिला मोठा गर्डर, म्हणजे पुलाची आडवी तुळई, खांबावर बसवताना क्रेनखाली उभा असलेला जुना खलाशी हात हलवीत ‘आरिया… आरिया…’ असे ओरडत होता, आणि त्या आवाजाबरोबर कित्येक टनांचा तो गर्डर तसूतसूने उतरत होता. हा शब्द माझ्या वहीत नव्हता. तो पोर्तुगीज जहाजांवरचा आहे; शीड किंवा दोर खाली सोडण्यासाठी पोर्तुगीज भाषेत जे क्रियापद आहे, तेच आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशांच्या तोंडी शतकानुशतके राहिले आणि गोद्यांतून क्रेनवर आले. हात न सोडता खाली आणणे असा त्याचा नेमका अर्थ असल्याने ‘लोअर’च्या शेजारी मी त्याच रात्री तो लिहून ठेवला.

याच फरकाची किंमत मी एकदा प्रत्यक्ष पाहिली. एका कामावर माझ्या हाताखालच्या नव्या अभियंत्याने रोजच्या नोंदवहीत गर्डर १२ मिलिमीटर ‘ड्रॉप’ केला असे लिहिले. जॅक सैल करून, दर दोन मिलिमीटरांना थांबून, मोजून घेऊन तो बेअरिंगवर, म्हणजे खांबावरच्या आधारावर, टेकवलेला होता. पण नोंद वाचणाऱ्यांनी गर्डर हातातून सुटला असा अर्थ घेतला आणि दोन दिवस काम थांबले. चौकशी संपल्यावर मी त्या मुलाला जवळ बसवून खडू, ओळंबा आणि पोपडा यांची गोष्ट सांगितली. तो मराठी माध्यमातच शिकलेला होता आणि त्याला हे कोणी सांगितले नव्हते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

इटलीतील पिसाच्या झुकत्या मनोऱ्याबद्दलही मला इथे सांगावेसे वाटते, कारण सरांना ती हकिगत फार आवडली होती. ११७३ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि तिसरा मजला होईपर्यंतच एका बाजूची मऊ जमीन खचू लागली. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करावा लागला. तज्ज्ञांनी अखेर उपाय केला तो खचलेली बाजू उचलण्याचा नव्हे. उत्तरेकडच्या, म्हणजे उंच राहिलेल्या बाजूखालची माती त्यांनी थोडी थोडी काढून घेतली आणि ती बाजू हळूहळू खाली बसू दिली. मनोऱ्याचा माथा चाळीस सेंटिमीटरहून अधिक मागे आला आणि २००१ च्या अखेरीस तो पुन्हा खुला झाला. निवृत्त झालेले सर हे ऐकून उठून बसले आणि म्हणाले, ‘म्हणजे एक बाजू सेटल झाली होती आणि दुसरी लोअर केली. वहीत लिही.’ मी लिहिले.

ती वही आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी मी शाळेकडे सुपूर्द केली आहे. तिची पहिली काही पाने कसरीने खाल्ली आहेत, पण सरांचे अक्षर स्पष्ट आहे. शेवटून तिसऱ्या पानावर डाव्या बाजूला ‘दृष्ट उतरवणे’ असे माझ्या हस्ताक्षरात लिहिलेले आहे. तो शब्द मी आईकडून नेला होता. धाकट्या भावाला ताप आला होता आणि तिने मीठमोहऱ्या घेऊन त्याच्यावरून उतरवल्या होत्या. सरांनी बरेच शब्दकोश चाळले आणि उजव्या बाजूची ओळ रिकामी ठेवायला सांगितली. ती अद्याप रिकामी आहे.